न्यूमोनियातली सूज शरीरच आणतं, तर ती दाबून का टाकत नाहीत?

माजलगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. अण्णांचं वय ६१, ८ वर्षांपासून शुगर. रविवारी रात्री हुडहुडी भरून ताप आला, सकाळी श्वास घेताना उजव्या कुशीत कळ, दुपारपर्यंत विटकरी रंगाचा बेडका. सोमवारी संध्याकाळी बीडला दाखल केलं तेव्हा ताप १०३, श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८९, रक्तदाब ११०/७०, शुद्ध चांगली. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा. पांढऱ्या पेशी १८,६००, युरिया ४८, शुगर २८६, आणि सूज-संसर्ग दाखवणारे तीन आकडे: प्रोकॅल्सिटोनिन ३.८, आयएल-६ ४१०, सीआरपी ६४. सेफ्ट्रिआक्सोन आणि अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक त्याच तासात सुरू झाली. आज तिसऱ्या दिवशी ताप १००, श्वास २४, दोन लिटर ऑक्सिजनवर ९५, आणि अण्णा भाकरी मागतायत. पण सीआरपी ६४ चा १८८ झाला आणि आज २१४. विचारलंय ते हे: औषध लागू पडत नाहीये का? सूज शरीरच आणतं असं डॉक्टर म्हणाले, मग ती मारायला डेक्सा हे स्टेरॉइड का देत नाहीत, कोरोनात तर देत होते? आणि आयएल-६ परत तपासायची का?

आधी उत्तर देतो, कारण घरचे रात्र जागून काढत असतील. औषध लागू पडतंय. अण्णांना आजच्या घडीला डेक्साची गरज दिसत नाही. आयएल-६ परत करू नका, पैसे वाया जातील.

आता कारणं. ती नीट समजली तर पुढचे आठ दिवस रिपोर्ट वाचताना धडधड कमी होईल.

फुफ्फुसात सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा सर्वांत पातळ जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी जाडीचा असतो. इतका पातळ म्हणूनच ऑक्सिजन झिरपतो. आणि इतका पातळ म्हणूनच तिथली सूज इतर ठिकाणच्या सुजेपेक्षा महाग पडते. बोटाला गळू झालं तर बोट ठणकतं. वायुकोशात तेवढंच पाणी आणि पू साठला तर श्वास कोंडतो. शरीराला इथे एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात: जंतू मारायचे आणि पडदा फाटू द्यायचा नाही. ही कसरत चालते ती सायटोकाइन नावाच्या रेणूंवर. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला सांगावा.

वायुकोशात कायम पहाऱ्यावर असते ती मॅक्रोफेज पेशी. चुलीचा धूर, जिनिंगमधली कापसाची धूळ, डाळ मिलचा भुसा, नाकातून खाली उतरलेले चार जंतू हे सगळं ती रोज गिळते आणि कुणाला कळूही देत नाही. आजूबाजूच्या पेशी टीजीएफ-बीटा आणि आयएल-१० (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, सायटोकाइनचाच एक गट) हे सांगावे देऊन तिला शांत ठेवतात. शांत राहणं हेही तिचं कामच आहे. प्रत्येक धुळीच्या कणाला सूज आली असती तर परभणी-नांदेडकडचा जिनिंगमधला एकही कामगार श्वास घेऊ शकला नसता.

न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकोकस तिच्या आवाक्याबाहेर वाढला की चित्र बदलतं. हा जंतू साखरेच्या जाड आवरणात असतो, त्यामुळे नुसता गिळायला जावं तर निसटतो. मॅक्रोफेजच्या अंगावरचे टोल-सारखे ग्राहक (बाहेरची खूण धरणारे रेणू), विशेषतः टीएलआर-२, त्याच्या भिंतीचे तुकडे ओळखतात. क्लेबसिएला किंवा स्युडोमोनाससारखा ग्रॅम-निगेटिव्ह जंतू असेल तर टीएलआर-४ त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष ओळखतो. या ग्राहकांच्या शोधासाठी ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ चं नोबेल मिळालं. ग्राहकाला धक्का लागला की आतमध्ये मायडी८८, आयआरएके-४ अशी साखळी हलते आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रात शिरून सांगाव्यांची जनुकं चालू करतं. न्यूमोकोकसचं न्यूमोलायसिन हे विष पेशीला भोकं पाडतं. त्या भोकांमुळे आत इन्फ्लमझोम हा प्रथिनांचा संच जुळतो आणि आयएल-१ बीटा कापून तयार करून बाहेर सोडतो. म्हणजे मॅक्रोफेज दोन वेगळ्या खुणा तपासते: जंतू आलाय का, आणि तो नुकसान करतोय का. दोन्हींना हो आलं की मोठी हाक जाते.

पहिल्या तास-दीड तासात टीएनएफ आणि आयएल-१ चढतात. ते जवळच्या केशवाहिन्यांना चिकट आणि सैल करतात: चिकट, म्हणजे रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे थांबाव्यात; सैल, म्हणजे त्यांना बाहेर पडायला फट मिळावी आणि सोबत प्रतिपिंडं, पूरक प्रथिनं असलेलं पाणी झिरपावं. पूरक प्रथिनं जंतूच्या आवरणावर चिकटतात, मग तो गिळता येतो. हे झिरपलेलं पाणीच एक्स-रेत पांढरं दिसतं. त्यापाठोपाठ आयएल-८ येतो. याचं काम वाट दाखवण्याचं: जिथे तो दाट तिकडे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, चालत जातात. जी-सीएसएफ हा सांगावा अस्थिमज्जेला जातो आणि ती साठा मोकळा करते. एरवीच ती दिवसाला दहा हजार कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल बनवते, संसर्गात त्याहून जास्त. अण्णांच्या १८,६०० पेशी म्हणजे हा सांगावा पोचल्याची पावती. न्यूमोनियात पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली गेल्या असत्या तर मात्र काळजी कितीतरी जास्त होती. हाक जातेय आणि यायला कोणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ.

आयएल-१७ चा उल्लेख रिपोर्टात कधी दिसत नाही, पण फुफ्फुसात तो मोलाचा आहे. तो श्वासनलिकेच्या अस्तराला जंतुनाशक प्रथिनं बनवायला लावतो आणि आयएल-८ व जी-सीएसएफची हाक मोठी करतो. त्याचा जोडीदार आयएल-२२ अस्तराची डागडुजी करतो. फ्लूनंतर लगेच होणारा जंतूंचा न्यूमोनिया इतका वाईट का असतो, याचं एक उत्तर इथे आहे: विषाणूविरुद्ध सुटलेले इंटरफेरॉन नावाचे सांगावेच आयएल-१७ चं आणि न्यूट्रोफिल बोलावण्याचं काम मंदावतात. १९१८ च्या साथीत मेलेल्यांपैकी बहुतेकांना अशा मागून आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने गाठलं होतं. फ्लूचा ताप उतरून दोन-चार दिवस बरे गेले आणि पुन्हा थंडी वाजून ताप चढला, तर दवाखान्याची वाट त्याच दिवशी धरावी.

टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ हे तिघं रक्तात उतरून लांबवर जातात. मेंदूत प्रोस्टाग्लँडिन वाढवून ताप चढवतात. पॅरासिटामॉल फक्त हा शेवटचा टप्पा अडवतं. ताप उतरला म्हणून फुफ्फुसातलं काही बदललेलं नसतं. टीएनएफ इन्सुलिनचा प्रभाव कमी करतो, म्हणून आठ वर्षं आटोक्यात असलेली शुगर २८६ होते. आणि आयएल-६ यकृताला सांगतो: सीआरपी बनव.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. सीआरपीचा जन्मच या आजारातला आहे. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोकोकसचा न्यूमोनिया झालेल्यांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं, ते जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाला चिकटत होतं आणि रुग्ण बरा झाला की नाहीसं होत होतं. त्या ‘सी’ वरून आजचं नाव. त्याचं वेळापत्रक पाठ करून ठेवण्यासारखं आहे. आयएल-६ दोन-तीन तासांत शिखरावर जाते. प्रोकॅल्सिटोनिन तीन-चार तासांनी दिसू लागतं, १२ ते २४ तासांत शिखर गाठतं. सीआरपी सहा-आठ तासांनी चढायला लागतो आणि ३६ ते ५० तासांनी कळसाला पोचतो. अण्णांना ताप आला रविवारी रात्री, पहिली तपासणी सोमवारी संध्याकाळी. तेव्हाचे ६४ म्हणजे चढण नुकती सुरू झाली होती. मंगळवारचे १८८ आणि आजचे २१४ हे आधीच दिलेल्या हुकमाचं काम यकृत पूर्ण करतंय, एवढंच सांगतात. १८८ वरून २१४ ही चढण पहिल्या उडीपेक्षा किती मंद आहे तेही बघा, माथा आलाय.

उतरण्याचा हिशोब सोपा आहे. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे १९ तास, आणि ते निरोगी-आजारी सगळ्यांत सारखंच. यकृताने आज बनवणं पूर्ण थांबवलं तर २१४ चे उद्या १०७ होतील. प्रत्यक्षात ते हळूहळू थांबतं म्हणून जास्त वेळ लागतो. शुक्रवारी सकाळी एकदा करा. ११० च्या आसपास किंवा खाली आला तर गाडी रुळावर आहे. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो शिखराच्या निम्म्यावर आला नाही, तर मात्र डॉक्टर शोधाशोध करतील आणि ती त्यांनी करावीच: छातीच्या पोकळीत पाणी-पू झालाय का, गळू झालंय का, जंतू वेगळा आहे का, टीबी आहे का, की सलाईनच्या सुईची जागाच पिकली आहे. ही शेवटची गोष्ट बघायला फुकट आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

रोज सीआरपी करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा रोज चार वेळा श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, पोटावर हात न ठेवता, अण्णांना न सांगता; मोजतोय हे कळलं की श्वासाची गती बदलते. ३२ चे २४ झालेत, हा आकडा सीआरपीपेक्षा दोन दिवस पुढचं सांगतो. बोटावरच्या ऑक्सिमीटरसाठी बोट गरम हवं. पहाटेच्या थंडीत गार बोटावर मशीन काहीही दाखवतं.

रिपोर्टांच्या बाबतीत आपल्या भागात तीन चुका सारख्या होतात. एक, सीआरपीचं एकक. एका लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, दुसरीचा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. २१४ आणि २१.४ ही एकच गोष्ट आहे. लॅब बदलली आणि एकक बघितलं नाही, तर सूज एका रात्रीत दसपट घटल्याचा भास होतो. दुसरी, नमुन्याचा प्रवास. तालुक्याला रक्त काढतात, मशीन संभाजीनगरला किंवा पुण्याला. सीआरपीला त्याने फारसं बिघडत नाही. पण आयएल-६ साठी रक्त वेळेत गाळून सिरम वेगळं केलं नाही, तर नळीतल्या पेशी आपलं काम चालूच ठेवतात आणि आकडा भलताच येतो. लॅक्टेटचं तर करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी आणि बर्फ नसेल तर आकड्यावर विश्वासच ठेवू नये. तिसरी, प्रोकॅल्सिटोनिन वाढलं म्हणजे जंतूच, असं धरून चालणं. मूत्रपिंड निकामी असेल, मोठी शस्त्रक्रिया किंवा भाजणं झालं असेल, एप्रिल-मेमध्ये उष्माघात झाला असेल, तरीही ते चढतं. उलट एका जागी बंदिस्त झालेल्या पुवात ते कमीच राहू शकतं. एक्स-रेत न्यूमोनिया स्पष्ट असेल तर पहिलं प्रोकॅल्सिटोनिन कमी आलं म्हणून अँटिबायोटिक रोखू नये. ते औषध कधी थांबवायचं हे ठरवायला जास्त कामाचं आहे.

आयएल-६ परत करू नका म्हटलं त्याचं कारणही आता लक्षात येईल. ती तासांच्या हिशोबाने चढते-उतरते. ४१० होती ती सोमवारी संध्याकाळची एका क्षणाची नोंद. आज ती ६० आली काय किंवा ९० आली काय, अण्णांच्या उपचारात काही बदलणार नाही. ज्या तपासणीच्या उत्तराने औषध बदलत नाही ती करू नये.

आता मोठा प्रश्न: सूज दाबायची का नाही.

माजलगावात राहता, तर कालव्याची पाळी ठाऊक आहे. पाणी सुटलं नाही तर पीक वाळतं. सुटलेलं बंद झालं नाही तर रान चिबडतं आणि पीक तरीही जातंच. सुजेचं तसंच आहे. पण पीक वाळत असताना चिबडण्याच्या भीतीने दरवाजा बंद करायचा नसतो, आणि तिसऱ्या दिवशी नेमकं तेच करायचा मोह होतो.

सुजेशिवाय काय होतं याचा पुरावा निसर्गानेच दिलाय. काही मुलं जन्मतःच आयआरएके-४ किंवा मायडी८८ हे साखळीतले दुवे नसलेली असतात. हे दोष अनुक्रमे २००३ आणि २००८ मध्ये ओळखले गेले. या मुलांना संसर्ग होऊनही ताप आणि सीआरपी वेळेवर चढत नाही, आईबापांना वाटतं किरकोळ आहे, आणि न्यूमोकोकस रक्तात पसरून मूल हातचं जातं. हाक गेली नाही, एवढाच काय तो दोष.

औषधाने हाक दाबून पाहिली तेव्हाही तसंच दिसलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सेप्टिक शॉकच्या १४१ रुग्णांपैकी काहींना टीएनएफ शोषून घेणारं औषध दिलं. ज्यांना नुसतं खोटं औषध मिळालं त्यांच्यात मृत्यू ३० टक्के, सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांत ५३ टक्के. टीएनएफ खलनायक म्हणून धरला होता, तो काढला तर माणसं जास्त दगावली. संधिवातासाठी टीएनएफ-विरोधी इंजेक्शन घेणाऱ्यांत दबलेला टीबी उसळतो तोही याच कारणाने: टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवणारी गाठ टीएनएफवरच उभी असते. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात.

मग सूज थांबते कशी? शरीर हाक मारतानाच लगाम तयार करायला घेतं. एनएफ-कप्पा-बी जी जनुकं चालू करतं, त्यांतलीच काही त्यालाच परत बांधून टाकणारी प्रथिनं बनवतात. पेशींवरचे टीएनएफचे ग्राहक तुटून रक्तात तरंगू लागतात आणि टीएनएफला वाटेतच धरतात. आयएल-१आरए नावाचा रेणू आयएल-१ च्या जागेवर जाऊन बसतो, पण कुलूप उघडत नाही. आयएल-१० मॅक्रोफेजला आवरतं घ्यायला सांगतो. हा चांगला रेणू वाटतो, पण वेळ चुकली की तोही घातक: न्यूमोकोकसचा न्यूमोनिया झालेल्या उंदरांना सुरुवातीलाच आयएल-१० दिलं तेव्हा त्यांच्या फुफ्फुसात जंतू वाढले आणि ते लवकर मेले. तोच रेणू, तोच आजार, फक्त दिवस चुकीचा. सगळ्या विषयाचं मर्म मला या प्रयोगात दिसतं.

शिवाय आयएल-१ आणि आयएल-६ मेंदूमार्गे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल वाढवायला लावतात. म्हणजे अण्णांचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड आत्ताच बनवतंय. एरवी ते दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम असतं, अशा आजारात कितीतरी पट वाढतं.

शेवटचा लगाम सर्वांत सुंदर आहे. जंतू संपत आले की न्यूट्रोफिल ठरलेल्या पद्धतीने स्वतःहून मरतात, फुटत नाहीत. फुटले असते तर त्यांच्यातलं इलास्टेज हे पाचक प्रथिन त्या पातळ पडद्यालाच खाऊन टाकतं. मॅक्रोफेज त्यांना अख्खे गिळते, आणि गिळता गिळता तिचाच स्वभाव पालटतो: टीएनएफ थांबतो, टीजीएफ-बीटा आणि आयएल-१० सुरू होतात. सूज वाढवणारे ल्युकोट्रिन बनवणाऱ्या पेशी त्याच कच्च्या मालातून लिपॉक्सिन बनवू लागतात, जे नव्या न्यूट्रोफिलना येऊ नका म्हणतात. सूज विझते ती थकून विझत नाही. ती विझवली जाते, आणि ते काम करणारे सांगावे वेगळे असतात. मात्र या साऱ्याला एक अट आहे: जंतू संपत आले पाहिजेत. ते काम अँटिबायोटिकचं. खरी सूजविरोधी गोळी तीच.

सेफ्ट्रिआक्सोन जंतूची भिंत फोडतं. फुटलेल्या तुकड्यांनी आणि सुटलेल्या न्यूमोलायसिनने पहिल्या दिवशी हाक थोडी वाढू शकते. अझिथ्रोमायसिन जंतूला न फोडता त्याचं प्रथिन बनवणं थांबवतं आणि सूजही थोडी उतरवतं. दोन औषधं का, याचं हे एक उपकारण. मुख्य कारण लेजिओनेलासारख्या जंतूंना झाकून घेणं हेच.

मग स्टेरॉइड कधीच द्यायचं नाही का? द्यायचं, पण ठरलेल्या रुग्णाला. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयसीयूतल्या गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांना दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन दिलं, सुधारणेनुसार आधी पूर्ण डोस आणि पुढे कमी करत एकूण ८ किंवा १४ दिवस. २८ दिवसांत मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. लगामच सुटलेला, त्या रुग्णांत बाहेरून लगाम देणं फळलं. पण त्यात फ्लूचा न्यूमोनिया असलेले घेतले नव्हते. फ्लूमध्ये स्टेरॉइडने नुकसान होत असल्याचं दिसतं. मेंदूज्वरात तर डेक्सा १० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, ४ दिवस, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबरच देतात, कारण कवटीत सुजेला जागाच नसते. तोच न्यूमोकोकस, जागा वेगळी, नियम वेगळा.

अण्णा त्या गंभीर गटात बसत नाहीत. मोजून बघा: गंभीर म्हणायला व्हेंटिलेटर किंवा रक्तदाबासाठी औषधाची गरज, नाहीतर लहान निकषांपैकी तीन लागतात. अण्णांचे दोन आहेत, श्वास ३० च्या वर आणि युरिया ४३ च्या वर. भ्रम नाही, रक्तदाब पडलेला नाही, एकाहून जास्त खंड बाधित नाहीत, पेशी कमी नाहीत. आणि आता त्या दोनांतलाही श्वासाचा निकष सुटलाय. अशा माणसाला डेक्सा दिलं तर ताप, सीआरपी, कळ सगळं एका दिवसात छान दिसेल. शुगर मात्र ४०० कडे जाईल, वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल आधीच सुस्त असतात ते आणखी सुस्त होतील, आणि आत पू होत असेल तर तो कळणारच नाही. पांढऱ्या पेशीही वाढतील, कारण स्टेरॉइड भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात सोडतं. मग घरचे म्हणणार संसर्ग वाढला.

कोरोनाचं उदाहरणही नीट आठवूया. डेक्सा दिवसाला ६ मिलिग्रॅम, १० दिवसांपर्यंत. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात फायदा नाहीच. आकडा १४ वरून १७.८ वर, वाईटाकडेच झुकलेला. २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगाव पहिल्या तापालाच स्टेरॉइड सुरू झाली, त्यात शुगर, आणि मग काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे गेले. ती किंमत मराठवाड्याने मोजलेली आहे, ती विसरून चालणार नाही.

नात्यात कुणी संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेत असेल तर एक गोष्ट लिहून ठेवा. ते आयएल-६ चा ग्राहकच बंद करतं, म्हणून यकृताला हुकूम पोचत नाही आणि सीआरपी कित्येक आठवडे जवळपास शून्य राहतो. न्यूमोनिया पूर्ण भरात असतानाही. अशा माणसाचा सीआरपी बघून धीर धरू नये, श्वास मोजावा.

अण्णांसाठी आत्ता करायचं ते इतकं. शुगर १४० ते १८० मध्ये ठेवायची, त्यासाठी इन्सुलिन लागलं तर घाबरायचं नाही. आजार उतरला की बहुतेकदा डोसही उतरतो. कुशीतल्या कळेसाठी पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा: न्यूमोनियात ही औषधं घेणाऱ्यांत छातीत पू होण्याचं प्रमाण जास्त आढळलंय, आणि युरिया आधीच वाढलेला आहे. अर्धा तास खुर्चीत बसवा, खोल श्वास घ्यायला लावा. ताप पुन्हा १०१ च्या वर गेला, श्वास ३० ला लागला किंवा अण्णा असंबद्ध बोलायला लागले, तर शुक्रवारची वाट बघायची नाही. छातीची सोनोग्राफी त्याच दिवशी. पाणी निघालं तर त्याचा पीएच तपासायला सांगा, ७.२ च्या खाली असेल तर नळी टाकावी लागते, नुसत्या इंजेक्शनने तो पू जात नाही.

बेडक्याची टीबीसाठी सीबीनॅट तपासणी झाली नसेल तर करून घ्या, सरकारी दवाखान्यात मोफत होते. शुगरवाल्यांत टीबी न्यूमोनियासारखा दिसू शकतो. आणि ती होईपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध स्वतःहून कुणी लिहून दिलं तर विचारा. त्याने टीबी अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

एक्स-रे आठ दिवसांनी काढून निराश होऊ नका. मॅक्रोफेजचं झाडलोटीचं काम चार ते सहा आठवडे चालतं, साठीनंतर कधी बारा. सहा आठवड्यांनी एक काढा. तेव्हाही तो डाग तसाच असेल तर सीटी स्कॅन हवा. त्याच भेटीत न्यूमोकोकसच्या लसीचं विचारा. या जंतूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, एकदा न्यूमोनिया झाला म्हणजे पुढच्यापासून सुटका नाही. घरात लहान बाळ असेल तर त्याची पीसीव्ही (न्यूमोकोकसचीच लस) दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी झाली का तेही बघा. ती सरकारी लसीकरणात आहे. अण्णांची खाट चुलीपासून लांब हलवा. धुराने मॅक्रोफेजचं पोट आधीच भरलेलं असतं.

आणि एक गोष्ट आजच, आत्ताच विचारा. गुडघ्याच्या दुखण्यावर बाजारातल्या किंवा कुणी वैदू देतो त्या पुड्या अण्णा घेत होते का? त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्महिने घेतलं की अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात, आणि दवाखान्यात दाखल झाल्यावर पुडी अचानक बंद होते. अशा माणसाचा रक्तदाब कारण न सापडता पडत जातो, मीठ-सोडियम घसरतं, अंगात त्राण राहत नाही. त्याला हायड्रोकॉर्टिसोन लागतं, ते सूज दाबायला नाही, तर शरीर जे स्वतः बनवू शकत नाही ते भरून द्यायला. अण्णा रागावतील या भीतीने घरचे हे सांगत नाहीत. उरलेली पुडी मिळाली तर ती खिशात घालून डॉक्टरांच्या हातात द्या.